एलिझाबेथ कॉटनचं गाणं

नाशिक

चि. सई,


डाव्या हातानं वाजवणाऱ्या कुणा मोठ्या गिटारवादकाचं नाव सांग, असं तू विचारलंस. जिमी हेंड्रिक्स तुला ठाऊक असणारच. पण मला तुझी गाठ एलिझाबेथ कॉटनशी घालून द्यायची आहे. दोन ओळींच्या निरोपात ती मावणार नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना नावाचं राज्य आहे. तिथल्या चॅपेल हिलला लागूनच आज ज्याला कारबोरो म्हणतात, त्या वस्तीत ती जन्मली. जन्मसाल कुठे १८९३ छापतात, कुठे १८९५. काळ्या मजुराच्या घरातल्या मुलीच्या जन्माची नोंद कोण काटेकोर ठेवणार? भाऊ कामाला गेला की ती त्याचा बँजो चोरून वाजवायची, तार तुटली की गुपचूप ठेवून द्यायची. पुढे लहान वयातच गोऱ्यांच्या घरी कामाला लागली. सुरुवातीचा पगार महिन्याला ७५ सेंट. त्यातून साठवून तिनं ३ डॉलर ७५ सेंटची गिटार घेतली. पाच महिन्यांची मजुरी झाली ती, सई.

आता तुझ्या कामाची गोष्ट. गिटार उजव्या हाताच्या माणसासाठी जुळवलेली, आणि ही डावखुरी. शिकवायला कुणी नव्हतं, तारा उलट लावून द्यायलाही कुणी नव्हतं. तिनं गिटारच उलटी धरली. त्यामुळे खर्जाच्या जाड तारा खाली गेल्या आणि बारीक तारा वर आल्या. इतर वादक अंगठ्यानं खर्ज धरतात आणि बोटांनी सूर वाजवतात. हिच्याकडे खर्ज बोटांवर आला आणि गाण्याची चाल अंगठ्यावर. तिची चाल इतकी ठाशीव आणि गोल का ऐकू येते, त्याचं कारण इथे आहे. खालून खर्ज एकसारखा डुलत राहतो आणि वर अंगठा सावकाश गातो. या वाजवण्याला पुढे तिचंच नाव पडलं, ‘कॉटन पिकिंग’. तुझ्या क्लासमधले सर तुला उजव्या हातानं वाजवायला लावतात म्हणालीस. त्यांना हे जरूर ऐकव.

ब्लूज म्हटलं की लोकांना मिसिसिपीचा खडा, हुंदक्यासारखा आवाज आठवतो. हिचा मुलूख वेगळा. ॲपलाचियन डोंगर आणि अटलांटिकची किनारपट्टी यांच्यामधल्या पठाराला पीडमाँट म्हणतात. तिथल्या ब्लूजमध्ये रॅगटाइमची लय मुरलेली आहे. तो हलका, नाचरा असतो आणि बोटांच्या कौशल्यावर उभा असतो. दुःख त्यातही आहे, पण ते ओरडून सांगत नाहीत. मला स्वतःला हा ब्लूज अधिक जवळचा वाटतो.

घराजवळून आगगाडी जायची. ती ऐकत ऐकत तिनं ‘फ्रेट ट्रेन’ रचलं. मालगाडीचं गाणं. मेल्यावरही गाडीचा आवाज कानावर पडत राहावा, अशी त्यात मागणी आहे. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. तुझ्याहून लहान.

आणि मग ती थांबली. लग्न लवकर झालं, मुलगी झाली. चर्चमधल्या मंडळींनी सांगितलं की हे ऐहिक संगीत सोड, देवाची गाणी तेवढी म्हण. त्यातून घरकामं होतीच. गिटार सुटली ती जवळजवळ चाळीस वर्षं. १९३५ ते १९४० या काळात चॅपेल हिलपासून जवळच असलेल्या डरहॅमचा ब्लूजवादक ब्लाइंड बॉय फुलर एकामागून एक ध्वनिमुद्रिका करत होता. तिच्या मुलखाचं संगीत विकलं जात होतं, ऐकलं जात होतं. तिच्या हातात मात्र झाडू आणि इस्त्री होती.

पुढची हकीकत सगळे मोठ्या कौतुकानं सांगतात. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात ती बाहुल्या विकत होती. तिथे एक चुकलेली मुलगी तिला सापडली आणि तिनं ती आईकडे नेऊन दिली. मुलगी पेगी सीगर, आई संगीतरचनाकार रूथ क्रॉफर्ड सीगर. त्या ओळखीतून ती सीगरांच्या घरी कामाला लागली. ‘लिबा’ हे नाव तिला त्याच घरातल्या मुलांनी दिलं. स्वयंपाकघरात गिटार टांगलेली असायची. घरात कुणी नाही असं पाहून ती काढून वाजवू लागली आणि एक दिवस मुलांनी ऐकलं. देशभरची लोकगीतं गोळा करणारं, लिहून काढणारं ते घर! पेगीचा भाऊ माइक सीगर यानं तिच्या राहत्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण केलं आणि १९५८ मध्ये फोकवेज कंपनीनं तिची पहिली रेकॉर्ड काढली. तेव्हा ती साठी ओलांडून गेली होती.

यावरून लोक म्हणतात, बघा, कधीच उशीर झालेला नसतो. मला हे पटत नाही. उशीर झाला होता. ज्या वयात माणूस दहा गाण्यांची शंभर करतो, ती सगळी वर्षं तिनं दुसऱ्यांच्या घरची धुणी धुण्यात घालवली. बाराव्या वर्षी असं गाणं करणारी मुलगी तिशीत काय करती, हे आता कुणीच ऐकू शकणार नाही. तिचं कौतुक करताना हा तोटाही मोजला पाहिजे.

त्यात ‘फ्रेट ट्रेन’ चोरीला जायचं तेही गेलं. पेगीनं ते इंग्लंडला नेलं. तिथे दोघा गीतकारांनी ते आपल्या नावावर नोंदवलं आणि १९५७ मध्ये चास मॅकडेविट आणि नॅन्सी व्हिस्की यांनी गाऊन ते तिकडे गाजवलं. रचणारीला पत्ता नाही! सीगरांनी पाठपुरावा केला तेव्हा कुठे गाण्याला तिचं नाव लागलं.

नंतरचं चांगलं आहे. १९६० पासून ती मंचावर वाजवू लागली. १९६७ च्या ‘शेक शुगरी’ या रेकॉर्डवर त्याच नावाचं गाणं तिची बारा वर्षांची पणती गाते आणि पणजी साथ करते. ते आधी ऐक, मग माझ्याशी बोल. कमाईतून तिनं सिरॅक्यूजला स्वतःचं घर घेतलं. मला ग्रॅमीपेक्षा या घराचा आनंद जास्त होतो. ग्रॅमी पुरस्कार नव्वदीच्या सुमारास मिळाला. १९८७ च्या जूनमध्ये ती गेली.

तुझ्या गिटारच्या तारा बदलायच्या की नाहीत, ते तू ठरव. दोन्ही रस्ते खरे आहेत. फक्त सोडू नकोस, आणि कुणी सोडायला सांगितलं तर आधी मला फोन कर. आणखी एक मागणं आहे. गॅदरिंगला ‘फ्रेट ट्रेन’ वाजवलंस तर ‘एक जुनं इंग्रजी लोकगीत’ असं सांगू नकोस. हे एलिझाबेथ कॉटनचं गाणं आहे, असं माइकवर स्पष्ट सांग आणि मग वाजव.

तुझी,
मावशी