तो म्हणाला कीं...

इंग्रजी व्याकरणांत प्रत्यक्ष कथनाचें अप्रत्यक्ष कथन करण्याचा जो भाग आहे, तो विद्यार्थ्यांना फार नीरस वाटतो. मला मात्र इतकीं वर्षें शिकवूनहि त्याचा वीट आलेला नाहीं. दुसऱ्याचें बोलणें आपल्या तोंडून सांगतांना माणूस काय काय बदलतो, याचा तेथें चोख हिशेब मांडलेला असतो. ‘मी’चा ‘तो’ होतो, ‘येथें’चें ‘तेथें’ होतें, ‘उद्यां’चा ‘दुसरा दिवस’ होतो. आणि सांगणारें क्रियापद भूतकाळीं असेल, तर मूळ बोलण्यांतला वर्तमानकाळहि एक पायरी मागें सरतो.

मराठीची रीत निराळी. ‘उद्यां येतों म्हणाला’ असें आपण सहज सांगतों; त्या ‘येतों’मध्यें बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच जिवंत असतो. इंग्रजीला हें चालत नाहीं. ती निरोप्याला स्वतःच्या जागेवर उभें राहून बोलावयास लावते. शिवाय वाक्य आज्ञार्थी असेल, तर नुसत्या ‘म्हणाला’नें तिचें भागत नाहीं. ‘दार उघड’ असें कोणी म्हटलें, तर त्यानें विनविलें, सांगितलें कीं हुकूम केला, हें ठरवूनच पुढें जावें लागतें. म्हणजे निरोप्याकडे न्यायाधीशाचेंहि काम येतें.

ही गोष्ट केवळ शाळेपुरती नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटांतील अनेक सभासदांचीं भाषणें पूर्वी अशींच तृतीयपुरुषांत, संक्षेपानें छापलीं जात. १९०९ पासून तीं प्रथमपुरुषांत, जवळजवळ शब्दशः येऊं लागलीं.

काळ बदलण्याच्या या नियमाला एक अपवाद आहे. त्रिकालाबाधित सत्याचा वर्तमानकाळ बदलावा लागत नाहीं. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते, असें गुरुजींनीं काल सांगितलें, तरी तिचें फिरणें आजहि चालूच असतें.

हा अपवाद फळ्यावर लिहितांना मला दर वेळीं आईची आठवण होते. मी परगांवीं शिकावयास निघालों कीं ती म्हणे, ‘जा बाळ, मी आहें.’ तिला जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. तिचें हें वाक्य नियमाप्रमाणें इंग्रजींत नेलें, तर ‘आहें’चें ‘होती’ होतें. त्यांत व्याकरणाची रतिभरहि चूक नाहीं. कोणीहि परीक्षक पुरे गुण देईल. पण तें वाक्य नियमांत घालावें कीं अपवादांत, हें कोणतेंहि पुस्तक सांगत नाहीं. तें सांगणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. मीं तें अद्याप इंग्रजींत कोणाला सांगितलेलें नाहीं.