पाटी आहे, पण बिऱ्हाड कुठे आहे?

'कर्नल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर झुपकेदार मिशांचा लष्करी अधिकारी येईल. पण संगणकातही एक कर्नल असतो, बरं का! लिनक्स या कार्यप्रणालीचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली तो लिहायला घेतला, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. कीबोर्ड, डिस्क, प्रिंटर अशा सगळ्या यंत्रांशी बोलायचं काम या कर्नलचं. त्यासाठी त्याच्या पदरी दुभाषे असतात. त्यांना म्हणायचं ड्रायव्हर.

गंमत म्हणजे हा कर्नल आपल्याला हवा तसा बेतून घेता येतो. ड्रायव्हरांची भलीमोठी यादी समोर येते. 'वाय' म्हणजे कायमचा आत, 'एम' म्हणजे लागेल तेव्हा बोलावू आणि 'एन' म्हणजे नकोच!

माझी भाची नववीत आहे. तिने गच्चीवर पर्जन्यमापक बसवला होता. एक छोटं सर्किट पावसाचे आकडे यूएसबीच्या वायरीतून घरातल्या जुन्या संगणकाकडे पाठवायचं. संगणकावरचं ओझं कमी व्हावं म्हणून तिने कर्नल नव्याने बेतला आणि नको ते ड्रायव्हर गाळले. संगणक झकास सुरू झाला, पण पावसाचे आकडे बंद! प्रोग्रॅम म्हणे, 'टीटीवाययूएसबी०' नावाची फाइलच नाही.

शेजारचा दादा म्हणाला, "सरळ फॉर्मॅट कर." पण जूनपासूनच्या साऱ्या नोंदी त्याच डिस्कवर होत्या. रविवारी मी गेलो तेव्हा भाची रडवेली झाली होती.

"मामा, मी संगणक बिघडवला का रे?"

"बिघडवला नाहीस गं, बदललास. आणि बदल शोधून काढता येतो. आधी नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घे."

आता ही हरवलेली फाइल म्हणजे काय? लिनक्समध्ये 'डेव्ह' नावाचा एक फोल्डर असतो. चाळीत दारादारांवर पाट्या असतात ना, तशा तिथे यंत्रांच्या नावांच्या पाट्या असतात. प्रत्येक पाटीमागे दोन आकडे असतात. पहिला सांगतो ड्रायव्हर कोणता, दुसरा सांगतो त्याच्याकडचं कितवं यंत्र. पूर्वी यंत्र असो-नसो, शेकडो पाट्या आधीच टांगून ठेवत. आता यंत्र जोडलं आणि ड्रायव्हरने ते ओळखलं की पाटी आपोआप लागते.

"मग पाटी आपणच लावू की!" भाची म्हणाली. तशी सोय आहे. 'एमकेनोड' ही आज्ञा आणि १८८ व ० हे दोन आकडे देऊन आम्ही पाटी लावली. फाइल दिसू लागली! पण उघडायला जावं तर उत्तर आलं, असं यंत्र किंवा पत्ता नाही. पाटी होती, बिऱ्हाडच नव्हतं. ती पाटी आम्ही काढून टाकली.

मग खालून वर शोध सुरू केला. 'एलएसयूएसबी' या आज्ञेने जोडलेल्या यंत्रांची यादी दिली. तिच्यात आमचं सर्किट होतं, म्हणजे वायर ठीक. 'डीमेसेज' ही कर्नलची रोजनिशी. तिच्यात नवं यंत्र आल्याची नोंद होती, पण ते कुणी ताब्यात घेतल्याची नव्हती. मग संगणक सुरू होताना यादीतून जुना कर्नल निवडला आणि काय आश्चर्य, आकडे धावू लागले! म्हणजे सर्किट निर्दोष, प्रोग्रॅमही निर्दोष. गोम होती दोन कर्नलांमधल्या फरकात.

दोन्ही कर्नलांच्या निवडींच्या याद्या 'डिफ' आज्ञेने शेजारी-शेजारी ठेवल्या. फरकाच्या ओळी शेकडो! त्यांतून 'यूएसबी सिरियल' एवढ्याच वेचल्या आणि चोर सापडला. भाचीच्या सर्किटवरच्या चिपचं नाव 'सीएच३४०', पण तिच्या ड्रायव्हरचं नाव 'सीएच३४१'! आपल्याकडे ३४१ नाहीच, असं समजून तिने तो गाळला होता. त्याच्यापुढे 'एम' लिहिलं, कर्नल पुन्हा बांधला आणि पाटी आपली आपण लागली.

मधल्या चार दिवसांचे आकडे मात्र गेले ते गेलेच. दादा म्हणाला, "अंदाजाने भर की, कोण बघतंय!" भाचीने त्या चार रकान्यांत 'नोंद नाही' असं लिहिलं. मला तिचा कर्नल बांधण्यापेक्षाही याचं कौतुक वाटलं.

तुमच्या संगणकावरची एखादी पाटी कधी नाहीशी झाली, तर घाबरू नका. यंत्र जोडलेलं आहे का, कर्नलला ते दिसतंय का आणि त्याचा दुभाषा आत आहे का, हे याच क्रमाने विचारा. आणि नवा कर्नल बेताल तेव्हा जुना पुसू नका. अडल्या वेळी तोच खरी साक्ष देतो!