तसबिरीमागचा कागद

इतिहासाच्या अध्यापनात माझी तीन दशके गेली. परंतु शिक्षण आणि आरोग्य यांचे नाते मला प्रथम उमगले ते एका घडी घातलेल्या कागदामुळे.

मी नववीत, वसतिगृहात असताना आजीला क्षयरोग जडला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्या किती दिवस घ्यायच्या ते कागदावर लिहून दिले. घरात वाचता येणारे कोणी नव्हते. आईने तो कागद बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवला. दोन महिन्यांत खोकला थांबला, तशा आजीने गोळ्याही थांबवल्या. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा आजार उलटला होता. कागद काढून वाचला. औषध वर्षभर, खंड न पडू देता घ्यायचे होते. त्या उन्हाळ्यात आजी गेली. मृत्यूचे कारण क्षय असे नोंदले गेले; त्यामागची पिढ्यान्‌पिढ्यांची अक्षरबंदी कोठेच नोंदली गेली नाही.

पुढे एम. ए. करताना मुक्ता साळवे यांचा निबंध वाचला. फुले दाम्पत्याच्या शाळेतील या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये लिहिले की, आपल्या स्त्रियांना छपराविना बाळंत व्हावे लागते, थंडीपावसात त्या आजारी पडल्या तर औषधाला पैसा कोठून आणावा? अवघ्या तीन वर्षांच्या शिक्षणानंतर तिची लेखणी आयांच्या बाळंतपणाकडे वळली होती.

शिकलेल्या आईची मुले निरोगी राहतात, हे आपण नेहमी सांगतो. परंतु शिक्षण वरच्या पिढीकडेही जाते. आईला रक्तदाब जडला तेव्हा, त्रास जाणवत नसला तरी गोळी चुकवायची नाही, हे मी तिला पटवून दिले. आज ती ऐंशीच्या पुढे आहे. मला मधुमेह निघाला, तेव्हा मात्र मी तो अहवाल वर्षभर कपाटात दडवला. परिचारिका असलेल्या माझ्या मुलीने तो शोधून काढला आणि म्हणाली, “बाबा, हाही तसबिरीमागचाच कागद ना?” मी निरुत्तर झालो. आजीचा कागद कोणाला वाचता आला नव्हता. माझा मी वाचूनही मिटून ठेवला होता. त्या दिवसापासून माझे उपचार सुरू झाले.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा गुणपत्रिका अवश्य दाखवा; पण त्याआधी आजी-आजोबांच्या औषधांची चिठ्ठी मागून घ्या आणि त्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचा.

जय भीम.