विंगेतली जागा

शारदोत्सवाचे दिवस आले आणि देवळाच्या सभामंडपात फळ्या ठोकल्याचा आवाज ऐकू येऊ लागला की आमच्या पोटात आजही किंचित कालवाकालव होते. वयाची सत्तरी उलटली, तरी हे काही सुटले नाही.

प्रसंग १९६५ सालचा. पोर्तुगीज राजवट १९६१ च्या डिसेंबरात संपली होती व गोव्यात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडत होत्या. आमच्या शाळेला इमारत नव्हती. ती देवळाच्या अग्रशाळेत भरे. त्या वर्षी मुलांनी ध्रुवाचे नाटक बसविले होते व ध्रुवाची भूमिका आमच्याकडे आली होती. सुरुचीने ध्रुवाला बापाच्या मांडीवरून खाली ओढले, येथवर सर्व यथास्थित झाले. पुढचे भाषण मात्र काही केल्या आठवेना. ग्यासबत्तीच्या उजेडात सारा गाव समोर बसलेला. आम्ही उत्तानपाद राजाकडे आशेने पाहिले. पण तो पडला आमचाच वर्गबंधू, त्याला स्वतःचे चार शब्द जेमतेम येत होते. मागल्या बाजूस कोणी हसले आणि ते हसू पुढपर्यंत पसरत आले. ध्रुवाने अरण्यात जावयाचे, ते आम्ही थेट घर गाठले.

रात्री आईने एवढेच विचारले, "फाल्यां शाळेक वतलो मूं तूं?" आम्ही उत्तर दिले नाही.

चौथ्या दिवशी शाळेत गेलो. मास्तर रागावले नाहीत व त्यांनी समजूतही घातली नाही. संध्याकाळी मोठ्या माणसांच्या जत्रेतील नाटकाची तालीम होती. तेथे बोलावून घेऊन त्यांनी नाटकाची हस्तलिखित वही आमच्या हातात दिली.

"आजपासून वही तू धरायची."

"मास्तर, मला नाटक नको."

"नाटक कर असे कोण म्हणतो? वाचता येते ना? मग बैस."

असे आम्ही प्रॉम्प्टर झालो. आणि विंगेत बसून जे पाहिले, ते समोर बसणाऱ्यांना कधी दिसत नाही. ज्यांच्या प्रवेशाला टाळ्या पडत, ते गावचे नामांकित नटदेखील विसरत! विसरले की शेला सावरण्याच्या निमित्ताने विंगेकडे सरकत, तिरकी नजर टाकीत. आम्ही शब्द पुरवावा आणि त्यांनी जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालू करावे. एका रात्री आम्ही मोजले, तर चौदा वेळा असे झाले. पुढच्या शारदोत्सवात मास्तरांनी आम्हांस चार वाक्यांचा द्वारपाल केले. त्यांतले एक वाक्य विसरलो, एक श्वास घेतला, आणि ते परत आले.

पुढे आम्हीही शिक्षक झालो व हे सर्व विसरून गेलो.

१९८४ साली आमच्या वर्गातील एक मुलगा गणितात नापास झाला. गरीब घरचा, स्वभावाने भिडस्त. त्याला चारचौघांत ओशाळवाणे होऊ नये म्हणून आम्ही त्याला फळ्याकडे बोलावणे बंद केले आणि शाळेची घंटा वाजविण्याचे काम दिले. मास्तरांनी आम्हांस काम दिले होते, तसेच आपणही देत आहो, अशी आमची समजूत. पुढील वर्षी मुलाने शाळा सोडली. आम्हांस हळहळ वाटली. परंतु दोष घरच्या परिस्थितीवर टाकून आम्ही मोकळे झालो.

मुलांच्या सावरण्याविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. त्यांतला थोडा भाग आम्ही निवृत्तीनंतर वाचला. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ ह्या दोन विदुषींनी कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे कर्तबगार व मायाळू माणसे झाली. अशा मुलांना घराबाहेर कोणीतरी वडीलधारे माणूस भेटले होते, आणि पुष्कळदा तो शिक्षक होता. हे वाचले तेव्हा प्रथम मास्तर आठवले. घंटेवाला मुलगा नंतर आठवला, आणि वाचन तेथेच थांबले.

तो गेल्या जत्रेत भेटला. आता त्याचे दुकान आहे. देवदर्शन झाल्यावर दीपस्तंभापाशी नमस्कार करून म्हणाला, "मास्तर, घंटा मी बरी वाजवीत होतो, नाही? पण फळ्याकडे तुम्ही मला पुन्हा बोलावले नाही." आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

प्रॉम्प्टरची वही आम्हांस पडल्या जागेच्या दोन हातांवर बसविणारी होती. घंटेने त्या मुलाला वर्गाबाहेर नेले. दोन्ही कामेच, इतकी वर्षे आम्हांस त्यांतला भेद दिसला नव्हता, त्याला मात्र बाराव्या वर्षीच कळला होता.

त्याची धाकटी मुलगी ह्या वर्षी आठवीत गणितात राहिली. शिक्षणहक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीतील अशा मुलांसाठी जादा शिकवणी व निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची तरतूद केली आहे. आमच्या मते ह्या तरतुदीत परीक्षेपेक्षा मधले दोन महिने मोलाचे. पण ते कोणी कसे भरावयाचे, हे शेवटी शिक्षकाकडेच राहते. दुकानदाराने विचारले, आम्ही होय म्हटले.

रोज संध्याकाळी आरतीपूर्वी ती अग्रशाळेच्या ओसरीवर येते. पहिल्या दिवशी उत्तरपत्रिका इतक्या घड्या घालून आणली होती की ती मुठीत मावत होती. आम्ही ती जमिनीवर पसरली व चुकलेल्या एका उदाहरणावर बोट ठेवले.

"तिसऱ्या ओळीपर्यंत बरोबर आहे. चौथीपासून पुन्हा कर."

"म्हणजे पहिल्यापासून नको?"

"पहिल्यापासून कशाला?"

काल ती चौथी ओळ तीनदा चुकली व चौथ्यांदा जमली. परीक्षेला एकोणीस दिवस उरले आहेत.