इंडेक्स ऑफ आजी

असं पान तुम्हीही कधीतरी पाहिलं असेल: पांढरं, वर 'इंडेक्स ऑफ' असं काहीतरी आणि खाली फाइलींची नुसती यादी. हे पान कोणी लिहिलेलं नसतं. फोल्डरमध्ये 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' सापडली नाही आणि यादी दाखवायची परवानगी असेल, तर सर्व्हर आत जे आहे ते स्वतःच मांडून दाखवतो. एनजिनएक्समध्ये ही परवानगी मुळात बंद असते. अपाचीमध्ये 'ऑप्शन्स'च्या ओळीत 'इंडेक्सेस' लिहिलं की चालू.

मला हे पान आवडतं. जाहिरात नाही, कुकीची विचारणा नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्या घरच्यांना ऐकवायचं ठरलं तेव्हा मी वेबसाइट बनवण्याच्या भानगडीत पडलेच नाही. भाड्याचा छोटा सर्व्हर, एक फोल्डर, ३२ फाइली. (हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात लाखभर ओव्या जमा झाल्यात. आमची आजी त्यात नाही.)

बऱ्याच ठिकाणी अपाचीची सेटिंग्ज आधीच नीट केलेली मिळतात. माझ्याकडे कोरी फाइल होती, त्यामुळे सगळं एकेक करून कळत गेलं. आधी नावांच्या जागी लॅटिन चिन्हांचा चिवडा दिसला. 'चारसेट' यूटीएफ-८ केल्यावर मराठी उमटलं, पण तुटकं. तारीख आणि आकार दाखवणाऱ्या 'फॅन्सी इंडेक्सिंग'मध्ये नावाच्या रकान्याची रुंदी मुळात २३ असते आणि ती मोजतात बाइट्समध्ये. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. आपल्या 'क'ला तीन, वर काना-वेलांटीला आणखी तीन. 'जात्यावरची' हा एक शब्दसुद्धा मावेना. 'नेमविड्थ'पुढे फुली टाकली, की रकाना सगळ्यात लांब नावाएवढा होतो.

मग क्रम. वर्णमालेत आपला 'ळ' पार शेवटी, 'ह'च्याही नंतर. युनिकोडमध्ये तो 'ल'ला चिकटून बसलाय. त्यामुळे 'माळ' आधी आणि 'माहेर' नंतर. सर्व्हर वर्णमाला जाणत नाही, तो आकडे बघतो. यावर मला सेटिंग सापडलं नाही आणि खरं तर नकोच होतं. मी प्रत्येक नावाआधी क्रमांक घातला. आजीने ज्या क्रमाने ओव्या म्हटल्या, तोच क्रम.

१८ नंबरची ओवी तिच्या पहिल्या मुलीची आहे. ती चार दिवस जगली. घरात तिचं नाव कोणी घेत नाही. मलाही ती ओवी ऐकूनच कळलं. आजी म्हणाली, "ही सगळ्यांना नको गं."

'इंडेक्सइग्नोर' नावाची सोय आहे. तिथे फाइलचं नाव लिहिलं की यादीतून ते गळतं. मी आजीला तसं सांगितलं.

"म्हणजे ओवी तिथंच राहणार?"

तिथंच राहणार. ज्याच्याकडे पूर्ण पत्ता आहे, त्याला ती ऐकू येणारच. अख्खी यादी बंद केली तरी हेच. फोल्डर उघडायला गेलं तर ४०३ दिसतो, पण आतल्या फाइली थेट पत्त्यावर हजर असतात. पाटी काढणं आणि कुलूप लावणं यातला हा फरक आजीला एका प्रश्नात कळला. कित्येक क्लासवाले पोरांची आधार कार्डं आणि मार्कशीट अशाच फोल्डरात ठेवतात आणि वर एक कोरं पान टाकून निश्चिंत होतात, त्यांना तो कळत नाही.

मी त्या फाइलला पासवर्ड लावला. गंमत म्हणजे मग 'इंडेक्सइग्नोर'ची गरजच उरली नाही. पासवर्ड नसलेल्या माणसाला जी फाइल मिळणार नाही, तिचं नाव अपाची यादीतही दाखवत नाही. दाखवायचंच असेल तर 'शोफॉरबिडन' वेगळं लिहावं लागतं.

आत्याने लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली. दोन दिवसांनी तिचा फोन: "१७ नंतर एकदम १९ कसं गं? एक राहिलंय का?"

तिला म्हटलं, बघते. आजीला विचारलं, पुढचे नंबर एकेक मागे घेऊ का, दोन मिनिटांचं काम आहे. ती तांदूळ निवडत होती.

"नको," म्हणाली. "तिची जागा राहू दे."