सकाळची गोळी आणि रात्रीचे गोळे

गेल्या वर्षीची गोष्ट. भाद्रपद महिना होता, भात फुलोऱ्यावर आले होते. नेऱ्याच्या बाजूला एका गावात तुडतुडे पडल्याची तक्रार आली म्हणून मी सकाळीच बांधावर गेलो होतो. पाच-सहा शेतकरी बरोबर होते. चुडाच्या बुडाशी वाकून तुडतुडे कसे पाहायचे ते दाखवले आणि उठताना डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी बांधावर बसलो, खरे सांगायचे तर पडलोच. त्यातच उजव्या हाताची बोटे आखडून चोचीसारखी एकत्र जुळली. सोडवता सोडवेनात.

गावात ज्यांना लहानथोर सगळे बाबा म्हणतात, त्या सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांनी माझा पाय मांडीवर घेतला, अंगठा वर ताणून धरला आणि पोटरी चोळली. दुखणे ओसरल्यावर म्हणाले, "सायेब, आमच्या पिकाला काय कमी हाय ते तुम्ही लांबून बगून सांगता. आता सोताला काय कमी परलंय ते पन बगा."

सगळे हसले, मीही हसलो. पण मनात वाक्य रुतून बसले.

कारण हे काही पहिल्यांदा झाले नव्हते. सहा-सात महिने रात्री झोपेत पोटऱ्यांत गोळे येत होते. बोटांना मुंग्या येत, डोळ्याची पापणी फडफडे. उजवा डोळा लवतो म्हणजे बढती येणार, असे कचेरीतले सहकारी म्हणत. बढती काही आली नाही. मी माझ्यापरीने उपाय चालवले होते. वय झाले, उन्हातान्हात फिरणे, घाम फार जातो, असे समजून केळी खाल्ली, शहाळी प्यायलो, मीठ-साखरेचे पाणी घेतले. कुणीतरी कॅल्शियम सांगितले, तेही महिनाभर घेतले. चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच.

बांधावरचा प्रकार घरी कळला तेव्हा मंडळींनी ऐकून घेतले नाही. दुसऱ्या दिवशी पनवेलला डॉक्टरांकडे नेऊन बसवले. रक्त तपासले. कॅल्शियम कमी, पोटॅशियम कमी. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही एकदम कमी आहेत, आणि तुम्ही दोन्ही घेताय म्हणता. मग मॅग्नेशियम बघू या." मॅग्नेशियम निघाले ०.९. साधारण १.७ ते २.२ च्या आसपास ते असावे लागते.

मॅग्नेशियम हा शब्द ऐकून मला हसावे की रडावे कळेना. तीस वर्षे मी गावोगाव हेच सांगत आलो आहे. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याने येतो, त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा कण असतो. तो कमी पडला की झाड जुन्या पानांतला काढून नव्या पानांना देते. म्हणून खालची पाने शिरांच्या मधे पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. एवढे पाठ असलेला माणूस स्वतःच्या पोटऱ्यांना केळी चारत बसला होता.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितले. आपल्या अंगात सगळे मिळून पंचवीसेक ग्रॅम मॅग्नेशियम असते. निम्म्याहून अधिक हाडांत, बाकीचे बहुतेक मांसात. रक्तात शंभरातला एक भागसुद्धा नसते. त्यामुळे रक्तात ते ठीक दिसले तरी कोठारात खडखडाट असू शकतो, आणि रक्तातच इतके उतरले असेल तर कोठाराची अवस्था विचारू नये. मॅग्नेशियम फार उतरले की गळ्यातल्या ज्या ग्रंथी कॅल्शियम सांभाळतात त्या काम टाकतात, आणि मूत्रपिंडातून पोटॅशियम गळू लागते. वरून कॅल्शियम आणि केळी कितीही घाला, खाली मॅग्नेशियम नसेल तर ती टिकत नाहीत. म्हणजे माझ्या शहाळ्यांचे पैसे गाढी नदीत गेले.

दोन दिवस दवाखान्यात ठेवले. सलाईनमधून जे औषध चढवले त्याच्या बाटलीवरचे नाव मी चष्मा लावून वाचले. मॅग्नेशियम सल्फेट. आमच्या खतवाल्याकडे पोत्यात मिळते तेच! इंग्लंडातल्या एप्सम नावाच्या गावी कडू पाण्याचा झरा होता, त्यावरून याला एप्सम सॉल्ट म्हणतात. बाळंतपणात ज्या बायकांना रक्तदाब वाढून झटके येतात त्यांनाही दवाखान्यात याचेच इंजेक्शन देतात आणि जीव वाचतात.

बाबा मला पाहायला आले. त्यांना मी कौतुकाने बाटली दाखवली आणि ती माझी चूक झाली. ते म्हणाले, "मंग दवाखान्याला पैसे कशाला? माज्या माडांसाटी आनलेलं आर्धं पोतं परलंय घरात. चिमूटचिमूट खाल्लं तर?"

मी अंथरुणातच उठून बसलो. वाचणाऱ्यांपैकीही कुणाच्या मनात हे येईल म्हणून स्पष्ट लिहितो. खताचे मॅग्नेशियम सल्फेट तोंडात घालू नका. नाव एक असले तरी खताच्या मालात दुसरे काय मिसळलेले आहे याची तपासणी पिकापुरती असते, माणसापुरती नसते. शिवाय चमचाभर पोटात गेले तर जुलाब लागतात, आणि जुलाबाबरोबर अंगात होते तेही वाहून जाते.

बाबा जाताना एक बोलून गेले. "सायेब, चारी बाजूंनी खार, आन् तुमच्या आंगातच टंचाई?" बोलणे खरे होते. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या खालोखाल मॅग्नेशियमच असते, लिटरमागे सव्वा ग्रॅमहून थोडे जास्त. मिठागराचे जाडे मीठ पावसाळ्यात बरणीत पाझरते, ते त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. आमच्या खाजणातल्या जमिनीत मॅग्नेशियमची ददात नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही भाताची वाणे काढली ती मिठाला तोंड देण्यासाठी. टंचाई होते ती वरच्या डोंगरउताराच्या तांबड्या जमिनीत, पाऊस धुऊन नेतो म्हणून. मी मात्र तसा धुतला जाणारा नव्हतो. घरी दोन वेळ जेवतो. मग माझे गेले कुठे? हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. मी विचारला नाही.

घरी गोळ्या दिल्या होत्या, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या. सुरुवातीला उपाशीपोटी घेतल्या आणि चार दिवस परसाकडच्या वाऱ्या केल्या. डॉक्टरांनी मग विभागून, जेवणाबरोबर घ्यायला सांगितल्या तेव्हा सोसल्या. गोळीवरच्या आकड्याचेही खताच्या पोत्यासारखेच आहे. शंभर किलो युरियात नत्र ४६ किलो, मॅग्नेशियम सल्फेटच्या शंभर किलोत मॅग्नेशियम साडेनऊ किलोच्या आसपास. तसे ४०० मिलिग्रॅम ऑक्साइडच्या गोळीत प्रत्यक्ष मॅग्नेशियम २४० मिलिग्रॅम. त्यातलेही सगळे अंगी लागत नाही.

दोन महिने नेमाने गोळ्या घेतल्या. गोळे थांबले. कार्तिकात तपासणी केली तर १.५. गोळ्या तशाच चालू ठेवून पौषात पुन्हा केली तर १.२! रात्रीचे गोळे परत सुरू.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "आणखी कुठले औषध घेता?"

मी म्हटले, "कुठलेच नाही."

मंडळी शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ती सकाळची पित्ताची गोळी?"

ती मी औषधात धरलीच नव्हती. चहा जसा धरत नाही तशी. नऊ वर्षांपूर्वी छातीत जळजळ होत होती म्हणून एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती, पॅन्टोप्राझोल. बरे वाटले. चिठ्ठी हरवली, गोळी राहिली. दुकानात जाऊन पट्टी मागायची, रोज उठल्याउठल्या एक घ्यायची आणि मग दिवसभर वडापाव, मिसळ, सहा कप चहा यांना मोकळीक. फिरतीच्या नोकरीत जेवणाला वेळ कुठे असतो, असे मी स्वतःला सांगत होतो.

अशा गोळ्या, म्हणजे ओमेप्राझोल आणि तिच्या जातीच्या, वर्षानुवर्षे घेतल्या तर काही जणांच्या आतड्यात मॅग्नेशियम शोषले जात नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०११ साली तसा इशारा दिला होता. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपैकी सुमारे पावभाग असे होते की मॅग्नेशियम देऊनही भर पडली नाही, पित्ताची गोळी थांबवली तेव्हाच पडली. सगळ्यांनाच असे होते असे नाही, आणि ज्यांना अल्सर आहे किंवा डॉक्टरांनी कारणाने ती चालू ठेवली आहे त्यांनी हे वाचून आपल्या मनाने बंद करू नये. मी मात्र विनाकारण घेत होतो.

मला त्या क्षणी आठवले ते बाबांचे माड. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या माडांच्या खालच्या झावळ्या पिवळ्या पडल्या होत्या. त्यांनी माडाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट घातले, पुढच्या वर्षी पुन्हा घातले, फरक दिसेना. मी जाऊन चौकशी केली तेव्हा कळले की फळ मोठे व्हावे म्हणून ते वारेमाप पोटॅश ओतत होते. पोटॅश फार झाले की मुळे मॅग्नेशियम घेत नाहीत. मी त्यांना चारचौघांत चांगले सुनावले होते, की कमी का झाले ते न बघता नुसते घालत काय बसता? आता डॉक्टर मला तेच अगदी हळू आवाजात सांगत होते. बाबांना मी ते इतक्या हळू सांगितले नव्हते.

पित्ताची गोळी सोडणे सोपे गेले नाही. डॉक्टरांनी एकाएकी न तोडता आधी एक दिवसाआड केली, मधल्या दिवसांसाठी दुसऱ्या जातीची हलकी गोळी दिली. तरी तीन आठवडे छातीत आग होती. रात्री आठाच्या आत जेवायचे, खाटेचा उशाकडचा भाग विटांवर उचलायचा, चहा दोनच. सकाळी घरून नाचणीची भाकरी बांधून न्यायची. नाचणी पित्ताला बरी पडली आणि मॅग्नेशियमलाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण चारशे मिलिग्रॅम लागते. पॉलिश केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात ते वीसेकच असते, नाचणीत त्याच्या सहा-सात पट. कोंड्याबरोबर आपण ते गिरणीतच ठेवून येतो. भात काढल्यावर ओलीवर जे वाल आपण पेरतो त्यांतही ते पुष्कळ असते, तिळात असते, माठ-राजगिऱ्याच्या भाजीत असते. धडधाकट माणसाने गोळीच्या मागे न लागता आधी ताटात पाहावे, असे माझे मत आहे.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझे गोळे थांबलेले पाहून आमच्या आक्काने, "माझेही पाय दुखतात रे," म्हणून गोळ्या मागितल्या आणि मी एक पट्टी दिली. आक्काला वीस वर्षांचा मधुमेह. चार दिवसांनी भाच्याचा फोन आला की आई सारखी पेंगते आहे. तिच्या डॉक्टरांनी गोळ्या तात्काळ बंद करवल्या. तिची मूत्रपिंडे कमजोर झालेली होती. चांगली मूत्रपिंडे जादा मॅग्नेशियम बाहेर टाकतात, कमजोर टाकू शकत नाहीत, ते साठते, रक्तदाब उतरतो, हृदय मंदावते. पेंग त्यामुळेच होती की साखरेमुळे, हे सांगता येत नाही असे डॉक्टर म्हणाले. आक्का बरी आहे. मला काही बोलली नाही, भाचा मात्र बोलला आणि ते मी ऐकून घेतले.

लावणीच्या दिवसांतली एक सूचना राहिली. लेप्टोसाठी आरोग्य खात्याची मंडळी डॉक्सिसायक्लिन देतात. ती आणि मॅग्नेशियमची गोळी एकत्र घेतली तर पोटातच एकमेकींना धरून बसतात आणि डॉक्सिसायक्लिन वाया जाते. दोन्हींत काही तासांचे अंतर किती ठेवायचे ते देणाऱ्याला विचारून घ्यावे. थायरॉइडच्या गोळीचेही तसेच. आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, लांबलेले जुलाब, मधुमेह, रोजची दारू यांनीही मॅग्नेशियम जाते. पाय आखडू लागले तर यांतले काय आपल्या घरात आहे ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. विचारल्यावरही मी सांगितले नव्हते.

चैत्रात माझे १.८ भरले. मॅग्नेशियमच्या गोळ्या ज्येष्ठात बंद झाल्या, त्यानंतरच्या तपासणीत १.९. बाबांनी पोटॅश बेताने घालायला सुरुवात केली आहे. पिवळ्या झालेल्या जुन्या झावळ्या काही हिरव्या झाल्या नाहीत, त्या गळून जातील. वरच्या नव्या चांगल्या आहेत. परवा गेलो तेव्हा त्यांनी शहाळे काढून दिले आणि विचारले, "ह्ये चालंल ना आता?" चालेल म्हटले आणि प्यायलो.