लंबगोल

लग्नपत्रिकेवरचा गणपती जाड झालाय, असा बाबांचा मेसेज आला तेव्हा मी हिंजवडीत मीटिंगमध्ये होतो. खाली दुसरा मेसेज: 'सगळंच जाड झालंय. नवीन स्क्रीन परत करू का?'

बाबांचं कराडला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, पावती पुस्तकं, वास्तुशांती, दहाव्याची पत्रं. दुकानातला कॉम्प्युटर इतका जुना आहे, की माझ्या ऑफिसातल्या कुणी तो पाहिला तर हळहळेल. पण तो बदलता येत नाही. त्यात बाबांचा वीस वर्षांचा माल आहे, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. दुसऱ्या मशीनवर त्या फायली उघडल्या, की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. म्हणून १७ इंची जवळपास चौकोनी मॉनिटर अचानक काळा पडला, तेव्हा फक्त मॉनिटर बदलला. नवा साडेएकवीस इंची, रुंद. जुना भंगारवाल्याने केबलसकट नेला.

मी रिमोटने दुकानच्या कॉम्प्युटरवर शिरलो. गणपती ठणठणीत, गोल पोटाचा. बाबांना कोरल ड्रॉमध्ये एक वर्तुळ काढायला सांगितलं. वर्तुळ अगदी वर्तुळासारखं.

"बाबा, बरोबर आहे की."

"काय बरोबर आहे? अंड्यागत दिसतंय."

स्क्रीनशॉट पाठवा म्हटलं. स्क्रीनशॉटमध्येही वर्तुळच. मग बाबांनी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. फोटोत ते आडवं, पसरलेलं, खरंच अंड्यासारखं होतं.

हे कोडं वाटतं, पण कारण साधं आहे. कॉम्प्युटर चित्र तयार करत होता १०२४ × ७६८ चं, म्हणजे ४:३ च्या चौकटीत. मॉनिटर होता १९२० × १०८० चा, म्हणजे १६:९. आलेलं चित्र मॉनिटर स्वतःच्या अंगावर ताणून बसवत होता. रिमोट असो की स्क्रीनशॉट, दोन्ही कॉम्प्युटरच्या आतलं चित्र उचलतात, ताणण्याच्या आधीचं. बिघाड शेवटच्या टप्प्यावर, काचेवर होत होता, आणि काचेपुढे फक्त बाबा होते. ४ सेंटिमीटर उंचीचं वर्तुळ त्यांना सव्वापाच सेंटिमीटरहून जास्त रुंद दिसत होतं. पुण्यात बसून मी कितीही वेळ पाहिलं असतं, तरी मला ते दिसलं नसतं.

यादीतून १९२० × १०८० निवडा म्हटलं, तर यादीत ते नव्हतंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या नावाच्या जागी लिहिलं होतं 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर'. सरकारी भाषेत सांगायचं तर 'अनोळखी इसम'.

मॉनिटर जोडला, की तो कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. मूळ आकार फक्त १२८ बाइट. सुरुवात ठरलेली: शून्य, मग सहा वेळा २५५, मग पुन्हा शून्य. पुढे कंपनीची तीन अक्षरं, मॉनिटरचा आकार सेंटिमीटरमध्ये, आणि मला कोणतं रिझोल्यूशन मानवतं याची माहिती. एका व्हॉट्सॲप मेसेजएवढ्या मजकुरावर सगळा कारभार चालतो, हे मला अजूनही भारी वाटतं. ओळखपत्र मिळालं नाही, तर कॉम्प्युटर जोखीम घेत नाही. बहुतेक कुणालाही झेपेल असा आकडा धरतो आणि गप्प बसतो.

ड्रायव्हरला दमदाटी करून हवं ते रिझोल्यूशन लादता येतं. पण ओळखपत्र का पोचत नाही हे कळल्याशिवाय तसं करणं मला पटत नाही, आणि शनिवार आलाच होता. एसटीने कराड गाठलं.

केबल काढून पाहिली. व्हीजीएचं निळं डोकं, पाच-पाचच्या तीन ओळी, पंधरा पिना. ही जोडणी आयबीएमने १९८७ मध्ये आणली. चित्राचे लाल, हिरवा, निळा पहिल्या ओळीतून जातात. ओळखपत्र जातं तिसऱ्या ओळीतल्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांतून. खोक्यात फुकट आलेल्या या केबलला नेमक्या त्या दोन पिनाच नव्हत्या. चित्र जात होतं, नाव जात नव्हतं. कुणीतरी कुठेतरी दोन तारांचे पैसे वाचवले होते.

नवी केबल आणली, लावली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. यादीत १९२० × १०८० आलं. गणपती गोल झाला. आई म्हणाली, "झालं बाई एकदाचं." बाबा काहीच म्हणाले नाहीत. चश्मा काढला, पुसला, घातला. मान पुढे नेली. मग आणखी पुढे.

"आधीचंच राहू दे," ते म्हणाले.

"पण ते चुकीचं होतं, बाबा."

"असू दे. दिसत तरी होतं."

माझ्या डोक्यात आकडे फिरायला लागले. जुन्या मॉनिटरवर एक ठिपका ०.२६ मिलिमीटरचा, नव्यावर ०.२५ चा. फरक नगण्य. मग जुन्यावर तरी त्यांना कसं दिसत होतं? आईने नजरेने मला मागच्या खोलीत बोलावलं. तिथे कागदी पिशवीत ३०० पत्रिका होत्या. नवऱ्या मुलीच्या आडनावावरचा अनुस्वार पडलेला. फेब्रुवारीतल्या. बाबांनी पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिल्या होत्या आणि मला सांगायचं नाही अशी ताकीद होती.

बाबा अठराव्या वर्षी छापखान्यात जुळारी म्हणून लागले. शिशाचे खिळे, लाकडी खाने, आणि उलटी अक्षरं. आरशात दिसावी तशी उलटी ओळ ते आपल्यासारखी सुलटी वाचायचे आणि चूक छापायच्या आधी चिमट्याने उचलायचे. पेठेतले मास्तर लोक शुद्धलेखनाची पैज त्यांच्याशी लावत नसत. अशा माणसाला पडलेला अनुस्वार दिसला नव्हता. आणि नव्या मॉनिटरने सगळं वेडंवाकडं, पण जवळजवळ पावणेदोन पट रुंद करून दाखवलं, तेव्हा तक्रार करतानाही मनातून त्यांना बरं वाटलं असणार. जाड गणपती परवडतो. मेनूतली अक्षरं न वाचता येणं परवडत नाही.

मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. सोमवारी सुट्टी टाकून त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी आधी उजवा करू म्हटलं. बाबांनी डॉक्टरांशी घासाघीस करून तारीख लग्नसराई संपल्यावरची घेतली.

तोवर काय? विंडोजमध्ये अक्षरं १२५ टक्के करून पाहिली. जुन्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही, अक्षरं धुरकट होतात. शेवटी १२८० × ७२० वर आलो. हेही १६:९ च, म्हणजे वर्तुळ वर्तुळच राहतं, आणि सगळं दीडपट मोठं. किंचित मऊ दिसतं, पण चालतं. एकच अडचण: काही चौकटी स्क्रीनपेक्षा उंच होतात आणि 'ओके'चं बटण खाली बुडतं. बाबांना एंटर दाबायला सांगितलं. ते म्हणाले, मी माउस कधी धरतो?

माझ्या कामात बरोबर उत्तर म्हणजे मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन. त्यावर मी वाद घातला असता, आणि एरवी घालतोही. कराडच्या दुकानात मात्र गेले दोन महिने ७२० चालू आहे.

अट एकच घातली: छपाईला जायच्या आधी प्रत्येक प्रूफ मला पाठवायचं. रात्री अकरा-साडेअकराला व्हॉट्सॲपवर येतात. मी अनुस्वार, वेलांट्या, तारखा बघतो, वार पंचांगाशी ताडतो. पहिल्या आठवड्यात चार चुका निघाल्या, दुसऱ्यात दोन. परवा वास्तुशांतीची एक पत्रिका आली, तिच्यात काहीच सापडेना. दोनदा वाचली. मग आईला फोन करून विचारलं, बाबांनी आधी कुणाकडून तपासून घेतली का.

"शेजारच्या दहावीतल्या पोरीकडून," ती हळूच म्हणाली. "पाच रुपये पान. तुला सांगायचं नाही म्हणालेत."